सिक रूम सोडण्याआधी

वाचक भगिनीचे पत्र:

‘ताई, मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका खाजगी विनाअनुदानित शाळेत गेली सहा वर्षे परिचारिका आहे. वय 36. जीएनएम (परिचर्येची पदविका) झाल्यावर चार वर्षे बालरुग्ण विभागात होते, मुलगी झाल्यावर तीन वर्षे घरी आणि मग ही शाळा. मुलगी याच शाळेत चौथीत आहे. तिची निम्मी फी माफ असल्यामुळे वर्षाला 30,000 रुपये वाचतात. माझा पगार 21,000. यजमान चाकणला कंपनीत आहेत, त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. सासूबाई घरी असतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना फारसे चालवत नाही. आता 120 खाटांच्या एका खाजगी रुग्णालयाने बालरुग्ण विभागासाठी 32,000 देऊ केले आहेत. ड्यूटी तीन पाळ्यांत, आणि उत्तर तीन आठवड्यांत हवे आहे. जानेवारीत मैदानावर पाचवीतल्या मुलाला फिट आली. पाच मिनिटे झाली तरी ती थांबेना, म्हणून मी 108 ला फोन केला. मूल बरे आहे. पण पालकांना आणि कार्यालयाला आधी न विचारता रुग्णवाहिका बोलावली म्हणून सर्वांसमोर मला बोलणी खावी लागली. प्रवेशाच्या दिवसांत मला स्वागतकक्षात बसवतात, दुपारी बसच्या रांगेत उभे करतात. माझ्या हातातले नर्सिंग संपत चालले आहे असे वाटते. पण सातवीतला एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत इन्सुलिनसाठी माझ्याकडे येतो. त्याला सोडून कशी जाऊ? शाळा सोडावी का?’

प्रिय सिस्टर,

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी जानेवारीतल्या प्रसंगाविषयी लिहिते, कारण तुमच्या मनाची घालमेल तिथूनच सुरू झालेली दिसते. तुम्ही जे केले ते बरोबर केले. झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला की तो आपसूक थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि औषध लवकर मिळणे महत्त्वाचे ठरते, म्हणूनच ही मर्यादा आपल्याला शिकवलेली असते. अशा वेळी कांदा हुंगवायला, हातात किल्ल्या द्यायला किंवा दातांमध्ये चमचा घालायला धावणारी माणसे भोवती पुष्कळ असतात. घड्याळाकडे पाहणारे एखादेच कोणी असते, आणि त्या दिवशी मैदानावर ते काम तुम्ही करत होता. पालकांना कळवायलाच हवे होते, यात वाद नाही. पण तो फोन त्याच वेळी दुसऱ्या कोणीही करू शकले असते. रुग्णवाहिका केव्हा बोलवायची हा निर्णय मात्र तिथे फक्त तुमच्या शिक्षणाचा होता. त्यासाठी तुम्हाला चारचौघांत बोलणी खावी लागली, हे चुकीचे झाले. हे मी सांत्वनासाठी लिहीत नाही. तीस वर्षांहून अधिक काळ शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका (वॉर्डची प्रमुख) आणि शेवटी पाठ्यनिर्देशिका (नर्सिंगची शिक्षिका) म्हणून काम केल्यावर, कोणत्याही विद्यार्थिनीला मी हेच उत्तर पूर्ण गुणांचे म्हणून दिले असते.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात पगाराचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे आणि अपमानाचा, बसच्या रांगेचा, हातातून निसटणाऱ्या कामाचा उल्लेख बराच लांबला आहे. त्यावरून मला असे वाटते की तुम्हाला मुलांमधले काम सोडायचे नाही. ज्या पद्धतीने ही शाळा तुम्हाला राबवून घेते, ती पद्धत तुम्हाला नकोशी झाली आहे. या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय घेतलेला निर्णय पुढे पस्तावायला लावतो, कारण रुग्णालयातही आपल्या शिक्षणाची बूज न राखणारी माणसे भेटतात आणि तेव्हा जायला तिसरी जागा शोधावी लागते.

तरीही पैशांचा हिशेब नीट मांडला पाहिजे, कारण 11,000 रुपयांचा फरक कागदावर दिसतो तेवढा हातात पडणार नाही. मुलीची फी-सवलत गेली की महिन्याला 2,500 कमी झाले. यजमानांची आणि तुमची दुपारची पाळी एकाच आठवड्यात आली तर शाळेतून आलेल्या मुलीकडे पाहायला कोणीतरी ठेवावे लागेल. सासूबाईंवर ते सगळे टाकणे, त्यांच्या गुडघ्यांची अवस्था पाहता, मला योग्य वाटत नाही. त्यात रात्री-अपरात्रीच्या जाण्यायेण्याचा खर्च धरा. तुमच्या भागात या गोष्टींना काय पडते ते तुम्हीच कागदावर लिहून पाहा. माझ्या अंदाजाने निम्म्याहून अधिक फरक त्यातच जिरेल, आणि उरलेल्या रकमेसाठी तुम्ही दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी आणि रात्रीची झोप देऊन बसाल.

दुसरे असे की, रुग्णालयाने देऊ केलेला आकडाच मुळात कमी आहे आणि हे तुम्हाला ठाऊक असायला हवे. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2016 रोजी दिलेल्या आदेशानंतर केंद्र सरकारने एक समिती नेमली. दोनशेपेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके वेतन असावे, शंभर ते दोनशे खाटांच्या ठिकाणी ते त्यापेक्षा 10 टक्क्यांहून अधिक कमी नसावे, पन्नास ते शंभर खाटांसाठी ही तफावत 25 टक्क्यांपर्यंत असावी आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी 20,000 रुपयांपेक्षा कमी नसावे, अशी शिफारस तिने केली. महाराष्ट्रात शासकीय अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार 35,400 रुपये मूळ वेतनापासून सुरू होते आणि त्यावर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता मिळतो. म्हणजे 120 खाटांचे रुग्णालय तुम्हाला जे देऊ करत आहे, ते शासकीय परिचारिकेच्या पहिल्या दिवसाच्या मूळ वेतनापेक्षाही कमी आहे, आणि तुमच्या गाठीशी बालरुग्ण विभागाची चार वर्षे आहेत. या शिफारशी सर्वत्र पाळल्या जात नाहीत, हे मला चांगले माहीत आहे. पण मुलाखतीत हे आकडे शांतपणे उच्चारणारी परिचारिका आणि ‘तुम्ही द्याल ते’ म्हणणारी परिचारिका यांना मिळणाऱ्या वागणुकीत फरक पडतो, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे.

आता हातातल्या नर्सिंगविषयी. ही तुमची भीती खरी आहे आणि मी ती हलकी करणार नाही. मी स्वतः काही वर्षे लसीकरण आणि कार्यालयीन कामात होते. वॉर्डात परतल्यावर पहिल्याच रात्री आठ महिन्यांच्या एका बाळाची शीर मला सापडेना. दोनदा सुई टोचून झाली, बाळ आकांत करत होते, आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या परिचारिकेला हाक मारायला मला लाज वाटत होती. शेवटी हाक मारली, आणि तिने मिनिटभरात सलाइन सुरू केले. मला कोणीही आधी विचारले नव्हते की तुम्हाला थोडी उजळणी हवी आहे का. सकाळी पत्र दिले आणि रात्री ड्यूटी लावली. त्या बाळाला झालेला त्रास आजही माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून सांगते, तुम्ही आज ना उद्या वॉर्डात परतलात तर पहिले पंधरा दिवस अनुभवी परिचारिकेच्या जोडीने काम मिळेल, हे लेखी मागून घ्या. इन्फ्यूजन पंप, वजनावरून औषधाची मात्रा काढणे आणि लहान मुलांची जीवरक्षक प्रक्रिया यांची उजळणी रुजू होण्याआधीच करा.

मात्र शाळेत राहून हात गंजतातच, हे मला मान्य नाही. शाळेने तुम्हाला मलमपट्टीपुरते ठेवले तर गंजतात. आपल्याकडे शालेय आरोग्यसेवेचा आरंभ 1909 साली बडोद्यात मुलांच्या तपासणीने झाला, आणि देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 मध्ये तरीही ही सेवा देशात जवळजवळ नसल्यासारखीच आहे असे नोंदवले, हे सामाजिक आरोग्य परिचर्येच्या तासाला आपण सर्वजणी शिकलो आहोत. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर इथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. तेव्हापासून दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि वाढीतील विलंब शोधते. पण हे पथक शासकीय आणि अनुदानित शाळांसाठी आहे. तुमच्या विनाअनुदानित शाळेतल्या मुलांपर्यंत ते पोहोचत नाही. ज्या मुलाला फळ्यावरचे दिसत नाही म्हणून तो ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळवतो, ज्या आठवीतल्या मुलीला प्रार्थनेच्या वेळी चक्कर येते आणि कोणी तिचे हिमोग्लोबिन पाहत नाही, जी मुलगी दर सोमवारी पहिल्या तासाला पोट दुखते म्हणून तुमच्या खाटेवर येऊन पडते आणि जिच्या पोटदुखीचे कारण पोटात नसते, त्या सगळ्यांसाठी त्या इमारतीत प्रशिक्षित डोळे फक्त तुमचे आहेत. शेवटच्या मुलीविषयी आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा किंवा होण्याचा धोका असल्याचा संशय आला तर ते पोलिसांना कळवणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे, न कळवणे हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांच्या परवानगीची अट नाही. जी शाळा 108 ला फोन केला म्हणून रागावते, तिथे अशा प्रसंगी तुमच्या पाठीशी कोण उभे राहील, हा प्रश्न मला पगाराच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

म्हणून माझा सल्ला असा आहे की रुग्णालयाला उत्तर देण्याआधी, याच आठवड्यात, शाळेला एक पत्र लिहा. तक्रारीचा सूर नको. कामाची मागणी म्हणून लिहा. त्यात पहिली मागणी एका पानाच्या आपत्कालीन कार्यपद्धतीची असावी: फिट, दम्याचा झटका, बेशुद्धी, डोक्याला मार, तीव्र ॲलर्जी आणि रक्तातील साखर घसरणे यांपैकी काही घडले तर रुग्णवाहिका परिचारिका बोलावेल, पालकांना कार्यालय कळवेल, आणि खाली मुख्याध्यापक व शाळेशी संलग्न डॉक्टर या दोघांच्या सह्या असतील. दुसरी मागणी औषधांची. ‘सिस्टर, काहीतरी गोळी द्या’ असे म्हणून वर्गशिक्षिका मूल पाठवतात, आणि आपणही सवयीने पॅरासिटामॉल देतो. पण डॉक्टरांची लेखी सूचना आणि पालकांचे संमतिपत्र फाइलमध्ये नसेल तर उद्या काही झाल्यास जबाबदारी तुमच्या एकटीच्या अंगावर येते. तिसरी मागणी ही की शाळा भरलेली असताना तुम्हाला स्वागतकक्षात किंवा बसच्या रांगेत बसवले जाऊ नये, आणि त्याऐवजी वर्षातून एकदा सर्व मुलांची उंची, वजन, दृष्टी व दात यांची तपासणी तुमच्याकडे सोपवावी. पगारवाढ चौथ्या क्रमांकावर मागा, पण मागाच. पत्राची पोच घ्या.

या पत्राला मिळणारे उत्तर तुमचा निर्णय बराचसा करून टाकेल. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतले, पहिल्या दोन मागण्यांवर सह्या झाल्या आणि तिसरीवर चर्चा सुरू झाली, तर मी तुम्हाला आणखी एक वर्ष तिथेच राहा असे सांगेन. मुलगी दहा वर्षांची होईल, घरची घडी थोडी सैल होईल, आणि तुमच्या नावावर शालेय आरोग्याचे दाखवण्यासारखे काम जमा झालेले असेल. पत्र टेबलावर पडून राहिले किंवा ‘हे सगळे कशाला हवे’ असे उत्तर आले, तर शैक्षणिक वर्ष संपताच शाळा सोडा. ज्या जागी कार्यपद्धतीवर सही करायलाही कोणी तयार नाही, तिथे पुढच्या फिटच्या वेळी तुमचा हात फोनकडे जाताना अडखळेल, आणि ते त्या मुलाच्या जिवावर बेतू शकते.

सोडायचे ठरले तरी हाच प्रस्ताव घ्यावा असे नाही. रुग्णालयाला आधी काही गोष्टी स्पष्ट विचारा. महिन्यात किती रात्री, आणि त्या सलग किती? रात्री एका परिचारिकेकडे किती मुले असतात? भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयासाठी पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एकास एक असे आहे. तुम्हाला मिळणारे उत्तर त्याच्याशी ताडून पाहा. रात्री घरी सोडण्यासाठी गाडी आहे का? ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घेतात का? मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणार असतील तर तिथे पाऊलही टाकू नका. प्रती द्याव्यात, मूळ कागद दाखवून परत आणावेत. शैक्षणिक वर्ष संपल्यावर रुजू होण्याची मुभा मागा. बालरुग्ण विभागाला अनुभवी परिचारिका सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे ज्यांना तुम्ही खरोखर हव्या आहात ते थांबतील.

एक गोष्ट मात्र थांबणार नाही, ती म्हणजे तुमचे वय. राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागास प्रवर्गांसाठी 43 ही कमाल वयोमर्यादा असते. तुम्ही पत्रात प्रवर्ग लिहिलेला नाही, पण खुल्या प्रवर्गातून असाल तर तुमच्या हातात दोनच वर्षे आहेत. शाळेत राहा किंवा रुग्णालयात जा, अधिपरिचारिका पदाच्या जाहिरातींकडे लक्ष ठेवून अभ्यास आजपासून सुरू करा. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांची दारे वयामुळे बंद झाली आहेत, आणि तिथे जीएनएम उमेदवारांना किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, शाळेचा अनुभव त्यात धरला जात नाही. तुमच्या वयात हे वाचून वाईट वाटेल, पण तुमच्या मागून शाळेत येणाऱ्या तरुण मुलींना हे जरूर सांगा. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातले परिचारिकेचे पद तुमच्या स्वभावाला फार जवळचे आहे, दिवसपाळीचे आहे आणि त्यात रोज नवे मूल तपासायला मिळते. फक्त ते कंत्राटी असते, हे घरात बोलून ठेवा.

निघण्याची वेळ आलीच तर हक्काचे पैसे सोडू नका. तुमची सहा वर्षांची सलग सेवा झाली आहे, म्हणजे राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळायला हवी. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 13,000 असेल तर 26 ने भागून 15 ने गुणायचे, म्हणजे 7,500, आणि त्याला सहा वर्षांनी गुणले की 45,000 होतात. भविष्यनिर्वाह निधी काढून घेऊ नका, नव्या ठिकाणी वर्ग करा. आधीच्या रुग्णालयातला निधी अजून तसाच असेल तर तोही तुमच्या निधीच्या त्याच क्रमांकाला (यूएएन) जोडून घ्या. तिथली चार आणि इथली सहा मिळून दहा वर्षे भरतात, आणि पेन्शनला पात्र होण्यासाठी दहाच वर्षे लागतात. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडची नोंदणी पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. शाळेत कोणी विचारत नाही म्हणून ती मागे पडलेली असण्याचा संभव आहे, तेव्हा प्रमाणपत्रावरची तारीख आजच पाहा.

आणि तो सातवीतला मुलगा. त्याच्याविषयीची ओळ तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिली आहे. जड गोष्टी आपण शेवटीच लिहितो. तुम्ही गेलात तर त्याचे काय, या विचाराने अडून राहू नका, पण त्याला तसाच टाकूनही जाऊ नका. बारा वर्षांचे मूल देखरेखीखाली स्वतः साखर तपासू शकते, मात्रा वाचू शकते आणि पेनने इन्सुलिन घेऊ शकते. त्याचे आईवडील आणि डॉक्टर तयार असतील तर उद्यापासून मधल्या सुट्टीत पेन त्याच्या हातात द्या आणि तुम्ही नुसत्या शेजारी बसा. पोटावरची जागा रोज बदलायची, सुई टोचल्यावर दहा आकडे मोजायचे, साखर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, हे त्याने तुम्हाला म्हणून दाखवले पाहिजे. त्याच्या वर्गशिक्षिकेला आणि खेळाच्या सरांना घाम, थरथर आणि अचानक आलेली चिडचिड ही साखर घसरण्याची लक्षणे समजावून सांगा, कारण मधल्या सुट्टीखेरीजचा सगळा दिवस तो त्यांच्या नजरेसमोर असतो. हे सगळे एका वहीत लिहून ठेवा, डॉक्टरांची सही घ्या आणि ती वही औषधांच्या कपाटात ठेवा. तुम्ही राहिलात तर ती तुम्हालाच उपयोगी पडेल. गेलात तर तुमच्या जागी येणाऱ्या परिचारिकेला पहिल्या दिवशी ती वही दाखवण्याचे काम त्या मुलाकडेच सोपवा.

तुमची,
ताई